कुलूप ओळखणारें विष



घोरावाडीच्या स्थानकावर सकाळच्या लोकलनें उतरणाऱ्या मुलांना फलाटावरचीं कुत्रीं चांगलीं परिचयाचीं आहेत. कांहीं मुलें त्यांना डब्यांतील पोळीचा तुकडा घालतात, कांहीं दगड मारतात, आणि बहुतेक मुलें दप्तर छातीशीं धरून मुकाट्यानें बाजूनें निघून जातात. गेल्या पावसाळ्यांत यांपैकीं एका कुत्रीला फलाटाच्या टोकाशीं झुडपांत पांच पिलें झालीं. दिवाळीपर्यंत त्यांतलीं दोनच उरलीं. दोन गाडीखालीं सांपडलीं, आणि एक कोणीतरी टाकलेलें विषारी अन्न खाऊन मेलें, असें मुलांनींच मला सांगितलें.

त्या आठवड्यांत नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, कुत्रीं मारण्याचें विष मिळतें, मग त्यांना नुसतीं पिलें होऊं नयेत, पण दुसरी कांहीं इजा होऊं नये, असें विष कां मिळत नाहीं?" वर्ग हंसला. मी मात्र हंसलों नाहीं. कारण नेमका हाच प्रश्न गेलीं पंचवीस-तीस वर्षें जगांतील कित्येक शास्त्रज्ञ स्वतःला विचारीत आले आहेत, आणि त्यांनीं त्याचें अर्धें उत्तर शोधूनही काढलें आहे. तास संपल्यामुळें त्या दिवशीं माझें बोलणें अपुरें राहिलें. तें पुरें करावें, आणि पालकांनाही वाचावयास मिळावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

१. जुने उपाय

जनावराची प्रजननशक्ति थांबविणें ही गोष्ट मावळांतील शेतकऱ्याला नवीन नाहीं. गोऱ्ह्याला नांगरास जुंपण्याजोगा शांत बैल करावयाचा, तर त्याचें खच्चीकरण करावें लागतें. पूर्वीं गोऱ्ह्यास पाडून, त्याच्या वृषणाकडे जाणाऱ्या शिरा ठेचून टाकीत. यालाच बैल बडविणें म्हणत. त्या वेळीं त्या मुक्या जनावरास किती यातना होत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पुढें इटलींतील बुर्डिझो यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला मोठा चिमटा आला. त्यानें कातडें न फाटतां आंतील शिरा चिरडल्या जातात, जखम उघडी राहत नाहीं, आणि जनावर लवकर उठून चारा खाऊं लागतें. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा खच्चीकरणास मुभा देतो, पण तें ठरवून दिलेल्या रीतीनेंच झालें पाहिजे असें बजावतो.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यावर आपल्या प्रांतांत फार पूर्वींपासून चालत आलेला उपाय म्हणजे ठार मारणें. १८३२ सालीं मुंबईंतील इंग्रज अधिकाऱ्यांनीं मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला, आणि मारलेल्या कुत्र्यामागें इनाम ठेवलें. तेव्हां पारशी लोकांच्या धर्मभावनेस मोठा धक्का बसला, दुकानें बंद झालीं, आणि जून महिन्यांत शहरांत दंगल उसळली. त्यानंतरही अनेक शहरांत अनेक वर्षें कुत्रीं मारलीं गेलीं. परंतु तीं कमी झालीं नाहींत. याचें कारण सोपें आहे. जोंवर उकिरड्यावर अन्न आहे, तोंवर एक कुत्रें मेलें म्हणजे त्याची जागा दुसरें घेतें. कुत्रीच्या गर्भारपणाचा काळ सुमारें ६३ दिवसांचा असतो, एका वेळीं चार ते सहा पिलें सहज होतात, आणि पिलूं वर्षाच्या आंत-बाहेर स्वतः पिलें देण्याजोगें होतें. मृत्यूचा वेग या जन्माच्या वेगाला गांठूं शकत नाहीं.

हें ओळखूनच २००१ सालीं भारत सरकारनें कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम आणले. या नियमांप्रमाणें कुत्रें पकडावें, त्याची शस्त्रक्रिया करावी, त्याला रेबीजची लस टोंचावी, ओळख म्हणून कानाला खांच पाडावी, आणि जेथून आणलें तेथेंच तें परत सोडावें, अशी रीत ठरली. पुढें ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वे-स्थानकें यांच्या आवारांतील कुत्रीं हलवून, शस्त्रक्रिया व लसीकरण करून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे आपल्या फलाटावरच्या कुत्र्यांचा प्रश्न देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनापर्यंत पोहोंचला.

आतां तुम्हीच हिशेब करून पाहा. २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील मोकाट कुत्र्यांची संख्या दीड कोटीहून अधिक भरली. त्यांतील प्रत्येकीला भूल द्यावयाची, पोट उघडून शिवावयाचें, जखम भरेपर्यंत कांहीं दिवस पिंजऱ्यांत ठेवावयाचें, तर किती पशुवैद्य, किती खोल्या व किती पैसा लागेल? म्हणूनच शास्त्रज्ञांना वाटूं लागलें कीं, सुरीचें काम एखाद्या सुईनें होईल तर किती बरें होईल!

२. शरीरांतील निरोप

सुईनें हें काम कसें व्हावें, तें समजण्यासाठीं प्रथम शरीर आपले निरोप कसे धाडतें, हें पाहिलें पाहिजे.

मेंदूच्या तळाशीं अधश्चेतक नांवाचा एक लहानसा भाग आहे. तेथून ठराविक अंतरानें, जणूं नाडीच्या ठोक्यांप्रमाणें, एक द्रव्य थोडें थोडें बाहेर पडतें. त्याला जीएनआरएच असें म्हणतात. तें म्हणजे अवघ्या दहा अमिनो आम्लांची एक साखळी आहे. अशा लहान साखळीला पेप्टाइड हें नांव आहे. हें द्रव्य रक्तांतून अगदीं जवळच असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे जातें. ही ग्रंथि माणसांत वाटाण्याएवढी असते. निरोप मिळतांच तिच्यांतील कांहीं विशिष्ट पेशी आपलीं दोन हॉर्मोनें रक्तांत सोडतात. तीं दूर जाऊन नराच्या वृषणाला व मादीच्या अंडाशयाला सांगतात, "आतां कामाला लागा." मग बीजें तयार होतात आणि नराला वा मादीला माज येतो.

या दहा मण्यांच्या माळेची जुळणी १९७१ मध्यें उलगडली. अँड्र्यू शॅली व रॉजर गिलमां हे दोन शास्त्रज्ञ एकमेकांशीं चढाओढ करीत होते. एकानें डुकरांच्या, तर दुसऱ्यानें मेंढ्यांच्या लाखो मेंदूंतून तें द्रव्य कणाकणानें गोळा केलें. १९७७ सालीं दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं रोझॅलिन यॅलो या विदुषीलाही, रक्तांतील अत्यल्प हॉर्मोन मोजण्याच्या युक्तीबद्दल, त्यांच्याबरोबर तें देण्यांत आलें.

येथें एक प्रश्न उभा राहतो. रक्त तर सर्व शरीरांत फिरतें. मग हा निरोप यकृताला किंवा स्नायूला कां ऐकूं जात नाहीं? याचें उत्तर असें कीं, प्रत्येक पेशीच्या पटलावर ग्राही नांवाचे सूक्ष्म रेणू असतात. त्यांना आपण कुलुपें म्हणूं. हॉर्मोन ही किल्ली आहे. ज्या पेशीवर त्या किल्लीचें कुलूप आहे, तीच पेशी तो निरोप वाचते. बाकीच्या पेशींवरून तो वाहून जातो. पत्र गांवांतून सर्वत्र फिरलें, तरी ज्याच्या नांवाचें असेल त्याच्याच दारांत पडतें, तसेंच हें आहे.

यावरून प्रजनन थांबविण्याचे तीन मार्ग सहज सुचतात. पहिला मार्ग म्हणजे शेवटचें घरच काढून टाकणें. शस्त्रक्रिया व चिमटा यांनीं हेंच होतें. दुसरा मार्ग म्हणजे निरोप्याला वाटेंत पकडणें. दिल्लींतील राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेंत डॉ. गुरसरण प्राण तलवार यांनीं या मार्गानें मोठें काम केलें. गर्भधारणेस लागणाऱ्या एका हॉर्मोनाविरुद्ध शरीरानेंच प्रतिद्रव्यें तयार करावीं, अशी लस त्यांनीं बनविली, आणि १४८ स्त्रियांवरील तिच्या चाचणीचा वृत्तांत १९९४ मध्यें प्रसिद्ध झाला. अमेरिकेंत याच तत्त्वावरची, जीएनआरएचला पकडणारी एक लस २००९ पासून हरिणांसाठीं मान्य झाली आहे. तिसरा मार्ग सर्वांत धाडसाचा आहे. निरोप वाचणारी पेशीच नाहींशी करावयाची! आपल्या विद्यार्थ्यानें विचारलेलें विष तें हेंच.

३. मधमाशीपासून धडा

पेशी मारणारें पेप्टाइड निसर्गांत कोठें सांपडतें? मावळांतील मुलांनीं तें पाहिलें नसेल, पण अनुभविलें असेल. कड्याकपारींवर आग्या मोहोळें लटकलेलीं असतात. एखाद्या अविचारी मनुष्यानें दगड मारला किंवा धूर केला, तर मधमाशा कशा तुटून पडतात, हें तुम्हांस सांगावयास नको. मधमाशीच्या वाळलेल्या विषाचा जवळजवळ अर्धा भाग मेलिटिन नांवाच्या पेप्टाइडचा असतो. त्यांत २६ अमिनो आम्लें असतात.

मेलिटिन काय करतें? पेशीचें पटल हें मेदाच्या दोन थरांचें बनलेलें असतें. मेलिटिनवर धन विद्युत्भार असतो, त्यामुळें तें पटलाच्या पृष्ठभागाला चिकटतें, मग त्यांत घुसतें आणि भोंकें पाडतें. पखालीला भोंक पडावें, तसें होऊन पेशीच्या आंतील द्रव बाहेर व बाहेरील पाणी आंत येतें, आणि पेशी फुटते. यास फार वेळ लागत नाहीं. याच जातीचीं पेप्टाइडें रेशमाच्या एका मोठ्या पतंगाच्या शरीरांत व बेडकाच्या कातडींतही सांपडलीं आहेत. तीं त्या प्राण्यांना जंतूंपासून वांचवितात.

अमेरिकेंत लुइझियाना राज्यांतील शास्त्रज्ञांनीं मेलिटिनचा कित्ता समोर ठेवून २३ अमिनो आम्लांचें एक कृत्रिम पेप्टाइड बनविलें, आणि त्याला हेकेट असें नांव दिलें. पण नुसतें हेकेट म्हणजे आंधळ्याच्या हातचा घण आहे. मात्रा वाढली कीं तें रोगी पेशी पाहत नाहीं कीं निरोगी पाहत नाहीं. रक्ताच्या तांबड्या पेशींनाही तें फोडतें. अशा घणाला वाट दाखविणारा कोणीतरी पाहिजे होता.

४. किल्ली आणि घण

येथें शास्त्रज्ञांची खरी युक्ति दिसते. त्यांनीं घणाला किल्ली बांधली. हेकेटच्या २३ मण्यांच्या माळेला, गर्भधारणेच्या वेळीं तयार होणाऱ्या एका हॉर्मोनांतील १५ मण्यांचा तुकडा जोडला. हा तुकडा वृषणांतील व अंडाशयांतील विशिष्ट पेशींचें कुलूप ओळखतो. आतां हें जोडपेप्टाइड रक्तांत सोडलें, तर तें फिरत फिरत त्या कुलुपापाशीं अडकतें. तेथें त्याची दाटी होते, आणि घण आपलें काम करतो. ज्या पेशीवर कुलूप नाहीं, तेथें तें थांबत नाहीं. म्हणून थोड्या मात्रेंत त्या पेशी बहुतांशीं वांचतात.

लुइझियानांतील विल्यम हॅन्सेल व त्यांचे सहकारी यांनीं या जोडपेप्टाइडाचे प्रयोग प्रथम कर्करोगावर केले. स्तनाच्या व प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगांतील कित्येक पेशींवर हींच कुलुपें असतात. २००१ व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत, उंदरांच्या अंगीं वाढविलेल्या अशा गांठींतील पेशी या जोडपेप्टाइडानें मरतात, असें दाखविलें आहे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठांत, ज्या उंदरांना वृषणांत व अंडाशयांत गांठी होतात अशी एक जात घेऊन प्रयोग झाले, आणि तेथेंही गांठी लहान झाल्या. पुढें याच कुळांतील, पण जीएनआरएचची किल्ली बांधलेलें एक पेप्टाइड मानवी रुग्णांवरील प्राथमिक चाचण्यांपर्यंत पोहोंचलें. पाहा, कुत्र्यांच्या पिलांपासून निघालेला प्रश्न रोग्याच्या खाटेपाशीं येऊन पोहोंचतो! विद्येचे मार्ग असे एकमेकांस मिळालेले असतात.

५. कुत्र्यांवरील प्रयोग

कुत्र्यांसाठीं दुसऱ्या प्रकारचा घण वापरण्यांत आला. अमेरिकेंत पोकवीड नांवाची एक जंगली वनस्पति उगवते. तिच्यांत एक प्रथिन असतें. तें पेशीचें पटल फोडीत नाहीं. पण एकदां पेशीच्या आंत शिरलें, कीं प्रथिनें तयार करणारे जे रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कारखाने, ते बंद पाडतें. कारखाना बंद, म्हणजे पेशीचें जीवन बंद. मात्र या प्रथिनाला आपण होऊन पेशींत सहज शिरतां येत नाहीं, आणि हाच त्याचा गुण आहे. कारण किल्ली असेल तरच त्याला आंत प्रवेश मिळतो.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठांतील टेरी नेट यांनीं या प्रथिनाला जीएनआरएचची किल्ली बांधली. पीयूषिका ग्रंथींतील पेशी किल्ली ओळखून तिला आंत ओढून घेतात, आणि तिच्याबरोबर आपला मृत्युही आंत घेतात. हरिणांच्या माद्यांवर याची परीक्षा झाली. नंतर कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं नेट यांच्या साह्यानें पूर्ण वाढ झालेल्या नर कुत्र्यांना तें टोंचलें, आणि त्याचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध केला. त्या कुत्र्यांच्या रक्तांतील नरत्वाचें हॉर्मोन खालीं आलें, पीयूषिका ग्रंथीचें हॉर्मोनही उतरलें, वृषणें आकसलीं, आणि हा परिणाम कित्येक महिने टिकला. सुरी नाहीं, टांका नाहीं, आणि तरीही प्रजननाचें कार्य थांबलें.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवा. या उपायांत वृषणाला कोणीही हात लावला नव्हता. मारल्या त्या मेंदूखालच्या ग्रंथींतील थोड्या पेशी. परंतु निरोप येईनासा झाल्यामुळें दूरचें इंद्रिय आपोआप थंड पडलें. गिरणीचा भोंगा वाजलाच नाहीं, तर कामगार धडधाकट असूनही काम सुरू होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

६. अर्धें उत्तर कां?

तुम्ही विचाराल, "मग हें औषध तळेगांवच्या जनावरांच्या दवाखान्यांत कां मिळत नाहीं?" मीं आरंभीं अर्धें उत्तर म्हटलें, तें याचसाठीं. अडचणी चार आहेत.

पहिली अडचण, परिणाम कायमचा नाहीं. कांहीं पेशी वांचतात, ग्रंथि नव्या पेशी घडविते, आणि कालांतरानें निरोप पुन्हां वाचला जाऊं लागतो. पाळलेल्या कुत्र्याला पुन्हां सुई टोंचतां येईल. पण फलाटावरचें कुत्रें दुसऱ्यांदा हातीं लागणें कठीण.

दुसरी, शरीर स्वस्थ बसत नाहीं. परक्या प्रथिनाविरुद्ध तें प्रतिद्रव्यें तयार करतें. म्हणून पहिल्या खेपेस चाललेली मात्रा दुसऱ्या खेपेस निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

तिसरी, कुलुपें आपल्याला हव्या त्याच दारावर असतात असें नाहीं. जीएनआरएचचे ग्राही थोड्या प्रमाणांत शरीराच्या इतर भागांतही आढळले आहेत. तेव्हां औषध निर्दोष आहे असें म्हणण्यापूर्वीं पुष्कळ प्राण्यांवर, पुष्कळ काळ पाहणें अवश्य आहे.

चौथी अडचण पैशाची. असें पेप्टाइड शुद्ध रीतीनें बनविणें खर्चाचें आहे, आणि मोकाट कुत्र्यासाठीं औषध विकत घेणारा धनी कोणी नसतो.

या अडचणी इतक्या खऱ्या आहेत कीं, नर व मादी, कुत्रें व मांजर या सर्वांना एकाच टोंचणीनें कायमचें वंध्य करील असें औषध शोधणाऱ्यास अमेरिकेंतील एका दानशूर गृहस्थानें २००८ सालीं अडीच कोटी डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें, तरी तें जिंकणारा अजून निघालेला नाहीं. दरम्यान दुसऱ्या वाटेनें चाललेल्या लोकांनीं आशा दाखविली आहे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, सहा मांजरींना एका हॉर्मोनाचें जनुक स्नायूंत टोंचून देण्यांत आलें. नर जवळ ठेवूनही त्यांपैकीं एकीलाही पिलें झालीं नाहींत. मांजरी सहाच होत्या, हें विसरूं नये. परंतु विद्येचा आरंभ नेहमीं लहानच असतो.

आपल्या महाराष्ट्रांतही या विद्येचीं दारें उघडीं आहेत. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि त्याच भागांत प्रजननशास्त्राचा अभ्यास करणारी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची संस्थाही आहे. घोरावाडीहून सकाळीं निघालेला मुलगा दुपारपर्यंत तेथें पोहोंचतो. राहिलेलें अर्धें उत्तर आपल्या शाळेंतील एखाद्या विद्यार्थ्यानें किंवा विद्यार्थिनीनें लिहिलें, तर मला नवल वाटणार नाहीं; आनंद मात्र अपार होईल.

७. तोंवर आपलें कर्तव्य

आतां दोन शब्द पालकांसाठीं. फलाटावरून लहान मूल चालत जातें, तेव्हां आईबापांच्या मनांत भीति असते, आणि ती खोटी नाहीं. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाहीं. जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत एकतृतीयांशाहून अधिक आपल्या देशांतील असतात. म्हणून कुत्रें चावलें किंवा ओरबाडलें, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना लावूं नये, त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें, आणि लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. मुलानें मार मिळेल या भयानें चावा लपविला, असें कोणत्याही घरीं होऊं देऊं नका.

पण भीतीचा उपाय विष नव्हे. याचें प्रत्यंतर आपल्या शेजारच्या गोव्यानें दिलें आहे. तेथें २०१३ पासून सरकार व एक सेवाभावी संस्था यांनीं गांवोगांव फिरून कुत्र्यांना लस टोंचली. पुढें पुढें तर वर्षाला सुमारें ९५,००० कुत्र्यांना. २०१९ पर्यंत कुत्र्यांतील रेबीजचें प्रमाण ९२ टक्क्यांनीं उतरलें. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, कीं रोगाची सांखळी तुटते. मात्र दरवर्षीं नवीं पिलें जन्मास येत राहिलीं, तर लस न टोंचलेल्यांची संख्या पुन्हां वाढते. म्हणून लस व जन्मनियंत्रण हीं एकाच गाडीचीं दोन चाकें आहेत. आणि विष घालणारा मनुष्य काय करतो? पुष्कळदां लस टोंचलेलें, ओळखीचें, शांत कुत्रेंच तो मारतो, आणि त्याची जागा अनोळखी, बिनलसीच्या कुत्र्याला मोकळी करून देतो.

आपल्या धर्मशास्त्रांत मनुष्याला पशूंवर सत्ता दिल्याचें सांगितलें आहे. ती सत्ता मालकाची नव्हे, कारभाऱ्याची आहे. कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो. दुसऱ्या धर्माचे आमचे शेजारीही भूतदयेच्या नांवानें हेंच सांगत आले आहेत. जीव वाढूं द्यावे कीं नाहीं, हें ठरविण्याची शक्ति विज्ञान आपल्या हातीं देत आहे. ती वापरतांना वेदना शक्य तितकी कमी करणें हें आपल्यावरचें ऋण आहे. बडविण्यापासून चिमट्यापर्यंत, चिमट्यापासून सुरी व भुलीपर्यंत, आणि सुरीपासून सुईपर्यंत जी वाट चालली आहे, ती केवळ सोयीची नव्हे, दयेचीही वाट आहे.

साधें विष आणि या लेखांतलें विष यांत भेद एवढाच कीं, एक ओळखीत नाहीं, आणि दुसरें ओळखतें. जें ओळखीत नाहीं, तें कुत्रें, मांजर, घार, आणि कधीं कधीं अंगणांतलें मूल, सर्वांना सारखेंच मारतें. जें ओळखतें, तेंच उद्यां औषध होऊं शकतें. ज्ञानाचें काम काय, असें मला कोणी विचारलें, तर मी म्हणेन, ओळखावयास शिकविणें.

उरलेल्या दोन पिलांची हकीकत सांगून हा लेख पुरा करतों. नववीच्या मुलांनीं, घरच्यांच्या संमतीनें, तीं पिलें एका खोक्यांत घालून जनावरांच्या दवाखान्यांत नेलीं व त्यांना लस टोंचून आणली. शस्त्रक्रियेचें वय झालें, कीं तीही करावयाची, असें त्यांनीं डॉक्टरांना विचारून ठेवलें आहे. खोकें धरून सर्वांच्या पुढें चालला होता, तो प्रश्न विचारणारा मुलगा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. रक्त सर्व शरीरांत फिरत असूनही हॉर्मोनाचा निरोप विशिष्ट पेशींनाच कां मिळतो?

२. मेलिटिन व पोकवीडचें प्रथिन यांची पेशी मारण्याची रीत कशी वेगळी आहे?

३. पीयूषिका ग्रंथींतील पेशी मेल्या असतां वृषणें कां आकसतात?

४. मोकाट कुत्र्यांना विष घातल्यानें रेबीजचें भय कमी कां होत नाहीं, हें घरीं वडील मंडळींना समजावून सांगा, आणि त्यांचें म्हणणें काय पडलें तें वहींत लिहून आणा.